सेव्हन आयर्नवरचा सात: नवीन सेट घेण्याआधी थोडं फिजिक्स

गोल्फच्या क्लबांपैकी, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्यांपैकी, सेव्हन आयर्नच्या तळाला जो ७ कोरलेला असतो ना, त्याचं कुठलंही प्रमाण ठरलेलं नाही. कंपनीला वाटेल त्या क्लबवर ती ७ लिहू शकते, नियम तिला अडवत नाहीत. हे मला माहीत नव्हतं आणि म्हणून दोन वर्षांपूर्वी मी चुकीचा सेट घेतला, लाखाच्या आसपास पैसे घालून. त्यानंतर जे वाचलं, मोजलं, करून बघितलं ते इथे लिहितोय, कारण पुण्यात आता १२ ते १८ हँडिकॅपवाले माझ्यासारखे बरेच जण आहेत आणि सगळे दुकानात जाऊन तोच एक प्रश्न विचारतात, "हा किती लांब जातो?"

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी एवढंच, की हँडिकॅप म्हणजे तुमच्या खेळाचा एक आकडा. २०२० पासून जगभर एकच पद्धत आली, शेवटच्या २० राउंडमधले सगळ्यात चांगले ८ धरून तो काढतात. आकडा १५ असेल तर चांगल्या दिवशी पार ७२ च्या (७२ फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेल्या) कोर्सवर तुम्हाला साधारण ८७ फटके लागतात. याला मिड हँडिकॅप म्हणतात. चेंडू लागतो, पण दर वेळी मधोमध लागत नाही.

तर माझं काय झालं. दुकानातल्या सिम्युलेटरवर माझा जुना सेव्हन आयर्न १४० यार्ड आणि नवा १५५. पंधरा यार्ड जास्त, मी खूश, सेट घरी. मग एप्रिलमध्ये येरवड्याच्या कोर्सवर १५० यार्डांवरून मारला, चेंडू ग्रीनच्या, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या आखूड कापलेल्या गवताच्या, बरोबर मध्यावर पडला, आणि घरंगळत मागच्या उतारावरून खाली गेला. असं एकदा नाही, पूर्ण उन्हाळाभर. बॅग वाहणारा माझा कॅडी पहिल्याच राउंडला म्हणाला होता, "सर, हा पडतो छान पण थांबत नाही." तेव्हा मी मनावर घेतलं नाही, पण सगळं त्या एका वाक्यातच होतं.

लॉफ्ट म्हणजे क्लबचा चेहरा उभ्या रेषेपासून किती मागे कललेला आहे तो कोन. १९८० च्या दशकात सेव्हन आयर्नचा लॉफ्ट ३५-३६ अंश असायचा. आज 'गेम इम्प्रूव्हमेंट' म्हणून जे सेट विकतात त्यात तो २८ ते ३० असतो, म्हणजे जुन्या काळचा फाइव्ह आयर्न झाला तो. अंश कमी केले की चेंडू पुढे जोरात जातो, वर कमी जातो आणि त्याला उलटी फिरकी कमी मिळते. माझे पंधरा यार्ड मुख्यतः तिथून आले होते.

पण कंपन्या फसवतात असं म्हणणंही बरोबर नाही, त्यामागे खरं इंजिनिअरिंग आहे आणि ते मला फार आवडतं. चेंडूची त्रिज्या साधारण २१ मिलिमीटर. ३० अंश कललेला चेहरा जमिनीला टेकून चेंडूला भेटला तर कुठे भेटेल? कागदावर वर्तुळ काढून बघा, जमिनीपासून जेमतेम ११ मिलिमीटरवर. आणि ब्लेड प्रकारच्या (पातळ, मागून भरीव) क्लबचा गुरुत्वमध्य असतो साधारण २० मिलिमीटर उंचीवर. म्हणजे जमीन नुसती घासत जाणारा फटका गुरुत्वमध्याच्या चांगलाच खाली लागतो, हात झिणझिणतात, चेंडू खालून सुटतो. चांगला खेळाडू खाली जाणाऱ्या फटक्याने चेंडू आधी आणि माती नंतर घेतो, त्यामुळे क्लब थोडा खोल उतरतो आणि लागण्याची जागा चेहऱ्यावर वर सरकते. आपल्याला ते दर वेळी जमत नाही. मग इंजिनिअर म्हणतो ठीक आहे, तुला वर जमत नाही तर मी गुरुत्वमध्यच खाली आणतो, सोल, म्हणजे क्लबचा तळ, रुंद करून तिथे वजन टाकतो. दोन-तीन मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात पण इथे सगळा खेळच मिलिमीटरचा आहे. गुरुत्वमध्य खाली गेला की चेंडू वर उडतो, वर उडतो म्हणून लॉफ्ट कमी करायला वाव मिळतो. इथपर्यंत सगळं सरळ आहे.

अडचण पुढे आहे. चेंडू उडताना वर चढला तरी फिरकी कमीच राहते, आणि ग्रीनवर थांबायला दोन गोष्टी लागतात, एक फिरकी आणि दुसरी म्हणजे चेंडू किती उभा खाली येतो तो कोन. उलट्या फिरकीमुळे चेंडूच्या वरच्या बाजूची हवा मागे ओढली जाते आणि चेंडूला वर उचल मिळते, याला मॅग्नस परिणाम म्हणतात, स्पिनरचा चेंडू हवेत बाजूला सरकतो तो याच कारणाने. उचल चांगली मिळाली तर चेंडू वर जाऊन तिथे जरा रेंगाळतो आणि मग उभा पडतो. अमेरिकेतल्या पीजीए टूरवरच्या खेळाडूंचा सेव्हन आयर्न मिनिटाला ७००० च्या आसपास फेऱ्यांनी फिरत सुटतो आणि ५० अंशांच्या कोनात खाली येतो. आपला क्लब त्यांच्यापेक्षा हळू फिरतो, त्यामुळे ५० विसरा, पण ४५ च्या जवळपास यायला हवा. माझ्या त्या नव्या सेटचा कोन नंतर मोजून घेतला तर ३९ निघाला!

आणि आता पुण्याची गोष्ट. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहोत. तापमान दोन्हीकडे ३० अंश धरलं तर पुण्याची हवा मुंबईपेक्षा जवळजवळ ६ टक्के विरळ भरते. विरळ हवा चेंडूला कमी अडवते म्हणून तो थोडा लांब जातो हे सगळ्यांना माहीत असतं, पण विरळ हवा उचलही कमी देते आणि त्यामुळे चेंडू जरा आडवा उतरतो हे फारसं कोणी सांगत नाही. त्यात मार्च ते मे ग्रीन टणक. म्हणजे थांबण्याचा प्रश्न आपल्याकडे मुळातच जरा जास्त आहे आणि आपण सेट मात्र निवडतो लांबीवर. सिम्युलेटरवर उंची आणि तापमान भरायची सोय असते, तिथे काय भरलंय ते आधी विचारा, बऱ्याचदा ते समुद्रसपाटीवरच ठेवलेलं असतं.

लॉफ्ट कमी केल्याचा आणखी एक हिशेब सेटच्या दुसऱ्या टोकाला लागतो. सेव्हन २८ चा झाला की पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळच्या फटक्यांसाठीचा जास्त लॉफ्टचा क्लब) ४३ चा होतो, पूर्वी ४८ चा असायचा. तुमचा सँड वेज ५६ चा, म्हणजे मध्ये १३ अंशांचं भगदाड, आणि नेमकं तेच ८० ते ११० यार्डांचं अंतर जिथे आपल्याला स्कोअर वाचवायचा असतो. ते बुजवायला एक-दोन वेज जास्तीचे घ्यावे लागतात आणि बॅगेत १४ च्या वर क्लब चालत नाहीत, म्हणजे लांब पल्ल्याचा एखादा काढावा लागतो. क्लबवरचे नंबर झाकून फक्त अंश लिहून काढले की हे लगेच दिसतं.

आता 'फर्गिव्हनेस', म्हणजे मिसहिट पोटात घालण्याची क्षमता. दोरीवरून चालणारी मुलगी हातात लांब काठी आडवी धरते ते आठवा. वजन मध्यापासून लांब असलं की वस्तू सहजी पिळत नाही, आणि अंतर दुप्पट केलं तर विरोध चौपट होतो. हे क्लबमध्ये आणलं कार्स्टन सोल्हाइम या नॉर्वेत जन्मलेल्या इंजिनिअरनं, जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरी करता करता. १९५९ मध्ये त्याने घरच्या गॅरेजमध्ये जो पटर (ग्रीनवर चेंडू घरंगळवायचा क्लब) बनवला तो चेंडूला लागला की 'पिंग' असा आवाज यायचा, म्हणून कंपनीचं नाव पिंग. मग तीच युक्ती आयर्नमध्ये, हेडच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या भागाच्या, मागचा मधला भाग पोकळ आणि वाचलेलं वजन कडेला, तेच आपण कॅव्हिटी बॅक म्हणतो. १९८२ चे त्यांचे आय टू आयर्न अजूनही काही जुन्या मेंबरांच्या बॅगेत दिसतात.

पण यातून नेमका किती फायदा होतो? मी गणित करून बघितलं. समजा हेड २७० ग्रॅम, चेंडू ४६ ग्रॅम आणि फटका मध्यापासून २ सेंटिमीटर टोकाकडे लागला, जो बऱ्यापैकी वाईट फटका आहे. पिळण्याला होणारा विरोध ब्लेडचा २२०० आणि मोठ्या कॅव्हिटी बॅकचा २८०० धरला, एकक ग्रॅम-सेंटिमीटर-वर्ग. तर चेंडूचा वेग ब्लेडवर साधारण साडेसहा टक्के घटतो आणि कॅव्हिटीवर पाच टक्क्यांच्या जरा वर. १५० यार्डांच्या फटक्यात हा फरक होतो दोन-तीन यार्डांचा. दिशेत थोडा फरक पडतो तो वेगळा. फायदा आहे, घ्यावा, पण जाहिरातीत दाखवतात तेवढा नाही. मिड हँडिकॅपवाल्याचे जास्त यार्ड जातात ते चेंडूच्या आधी माती खाल्ल्याने, ज्याला फॅट म्हणतो आपण, आणि तिथे मदत करतो तो सोल.

सोलबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण दुकानात यावर कोणीच बोलत नाही. रुंद आणि थोडा गोलसर सोल मऊ जमिनीत रुतत नाही, घसरून पुढे निघतो. जुलै-ऑगस्टमध्ये आपले फेअरवे (मधले कापलेल्या गवताचे पट्टे) भिजलेले असतात तेव्हा हा देवासारखा धावून येतो. तोच सोल मे महिन्यात, आपली माती वाळून विटेसारखी झालेली असताना, जमिनीवर आपटून उसळतो आणि पुढची धार चेंडूच्या पोटात बसते, चेंडू सरपटी जातो. भारतात बऱ्याच कोर्सवर जे बर्म्युडा गवत असतं ते म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वाच. आखूड कापलेल्या, वाळलेल्या हरळीवर चेंडूखाली गादी अशी नसतेच. म्हणून पुण्यात मला मधल्या रुंदीचा सोल बरा वाटतो, मागची कड जरा घासून कमी केलेला. आणि ट्रायल मॅटवर घेऊ नका. मॅटवर दोन इंच आधी टेकलेला क्लबसुद्धा सरकत येऊन चेंडूला छान लागतो आणि स्क्रीनवर १५० दिसतात, गवतावर तोच फटका १०० जातो. डेमो क्लब मागून घ्या आणि रेंजवर खऱ्या जमिनीवरून मारा, शक्यतो तुमचा नेहमीचा चेंडू घेऊन.

चेहऱ्यावरच्या खाचांचं थोडक्यात. त्या चेंडूला ओरबाडायला नसतात, टायरच्या नक्षीसारखं पाणी आणि गवताचा रस बाजूला काढायला असतात. २०१० पासून २५ अंश आणि वरच्या क्लबच्या खाचांच्या आकारावर आणि कडांच्या धारेवर मर्यादा आली. पावसाळ्यात ओल्या गवतातून फिरकी कुठल्याही क्लबने कमीच मिळते, त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

लाय अँगल म्हणजे शाफ्ट, क्लबची दांडी, जमिनीशी किती उभा ते. माझी उंची पाच फूट पाच इंच आणि स्टँडर्ड क्लब मला जास्त उभा पडायचा, टोक हवेत, आणि चेंडू सारखा डावीकडे. मी वर्षभर स्विंगला दोष देत बसलो. २ अंशांची चूक सेव्हन आयर्नला १५० यार्डांवर ३ यार्ड डावीकडे नेते, आणि लॉफ्ट वाढेल तसा कोन वाढत जातो, म्हणजे वेजला सगळ्यात जास्त. तपासायला खर्च शून्य. चेंडूवर मार्करने जाड रेघ काढा, ती उभी करून क्लबकडे तोंड करून ठेवा आणि मारा, चेहऱ्यावर रेघेचा ठसा उमटतो. ठसा उभा आला तर लाय बरोबर, कलला तर क्लब वाकवून घ्यायला हवा.

फोर्ज्ड का कास्ट हा वाद इथेच मिटतो. मुंढव्याला भारत फोर्जमध्ये क्रँकशाफ्ट ठोकून बनतात तसे काही हेड तापलेल्या लोखंडाला ठोकून बनवतात, बाकीचे मेणाच्या साच्याने ओततात, आपल्याकडच्या धातूच्या मूर्ती ओततात त्याच पद्धतीने. फोर्ज्डचा 'फील' वेगळा म्हणतात. पण चेंडू चेहऱ्यावर असतो अर्धा मिलिसेकंद आणि हाताकडून मेंदूपर्यंत निरोप पोचायला २० मिलिसेकंद जातात, तोवर चेंडू मीटरभर पुढे गेलेला असतो. जाणवतं ते नंतरचं थरथरणं आणि कानावर पडलेला आवाज. मऊ फोर्ज्ड पोलादाचा खरा उपयोग हा की ते दोन-तीन अंश सहज वाकतं, काही कडक कास्ट हेड वाकवायला तंत्रज्ञ तयारच होत नाहीत.

शाफ्टवरचं आर किंवा एस हे अक्षरही कुठल्या प्रमाणाला बांधलेलं नाही, एका कंपनीचा आर दुसरीच्या एस एवढा कडक असू शकतो. वजन विचारा. स्टील साधारण ९५ ते १३० ग्रॅम, ग्रॅफाइट बरंच हलकं आणि कंप जास्त गिळणारं. कोपर दुखत असेल आणि तुम्ही मे महिन्यातही खेळत असाल तर ग्रॅफाइट घ्या.

मी शेवटी तो सेट काढून टाकला आणि वापरलेला एक घेतला, सेव्हन ३२ अंशांचा, पिचिंग वेज ४६, पुढे ५१ आणि ५६. लाय २ अंश फ्लॅट, म्हणजे कमी उभा, करून घेतला. सेव्हन आता १४३ जातो, उतरतो ४५ अंशांत, आणि गेल्या महिन्यात येरवड्याला त्याच ग्रीनवर चेंडू पडला, एकदा उसळला आणि चार पावलांत थांबला. कॅडीने बॅग उचलली आणि पटर हातात दिला.