'मुलगी, वय ९ दिवस' : कोतवाल बुकात भेटणारी लेकरं

विदर्भातल्या खेड्यात घराण्याचा इतिहास शोधायला हौसेनं फारसं कुणी निघत नाही. पोराचा प्रवेश असतो, नोकरी असते, नाहीतर ग्रामपंचायतीची राखीव जागा असते, आणि जात पडताळणीसाठी जुना पुरावा हवा असतो. इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा. शाळेच्या दाखल-खारिज रजिस्टरात पणजोबा सापडत नाही, कारण तो शाळेत गेलेलाच नसतो. मग पाय तहसीलच्या अभिलेख कक्षाकडे वळतात आणि कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, पिवळी पडलेली पानं समोर येतात. पणजोबाचं नाव मिळतं, त्यापुढं जातही मिळते. आणि त्याच ओळीत लिहिलेलं असतं : मयत, मुलगी, वय ९ दिवस, ताप.

ज्या नोंदीवर पणतूचं प्रमाणपत्र उभं राहतं ती कितीदा तरी अशा एखाद्या लेकराच्या मृत्यूची असते. घरात तिचं नाव कुणाला ठाऊक नसतं, ती होती हेही ठाऊक नसतं. नक्कल हातात आल्यावर आनंद व्हायचा तिथं घशात काहीतरी अडकतं. ते का अडकतं आणि त्या ओळीच्या मागं काय आहे, हे समजून घ्यायला थोडं मागं जावं लागतं.

नागपूरचं भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला. वऱ्हाड निजामाकडून १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. जन्म-मृत्यूची गावपातळीवरची नोंद याच कारभारातून सुरू झाली. गावात कुणी जन्मलं, कुणी मेलं की कोतवालानं सांगायचं आणि बुकात चढवून घ्यायचं. कोतवालाला स्वतःला बहुधा लिहिता येत नसे. पाटील, पटवारी, मास्तर, जो हाताशी असेल तो लिही. कोतवालकी मुख्यतः महार कुटुंबांकडे होती. ज्यांना वेशीच्या बाहेर ठेवलं त्यांच्याच तोंडून गावाच्या घराघरातलं जन्म-मरण कागदावर आलं, हे नक्कल घेणाऱ्या प्रत्येकानं ध्यानात ठेवावं. ही पद्धत जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू होईपर्यंत चालली. पुढं ते काम ग्रामपंचायतीकडे, ग्रामसेवकाकडे गेलं.

जन्माच्या नोंदीत बापाचं नाव, जात, तारीख आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच असतं. बारसं बाराव्या दिवशी, नोंद त्याच्या आधी, म्हणून लेकराचं नाव नसतं. मृत्यूच्या नोंदीत वय आणि कारण येतं. मोठ्या माणसाचं नाव 'वल्द' लावून बापासह लिहितात, बाईचं 'जौजे' लावून नवऱ्यासह. तान्हं मूल गेलं तर पुन्हा नुसतं 'मुलगा' नाहीतर 'मुलगी'.

घरच्या परंपरेतही त्यांना जागा मिळाली नाही. दात न आलेलं मूल जाळत नाहीत, पुरतात. त्याचा दहावा-तेरावा होत नाही, पिंड पडत नाही. ज्याचं श्राद्ध नाही त्याचं नाव नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायाच्या नामावळीत येत नाही, भाटाच्या पोथीतही सहसा वाढलेल्या मुलग्यांचीच ओळ चालते. काही घरांत पितृपक्षातल्या त्रयोदशीला लहानपणी गेलेल्यांसाठी पान वाढतात, पण तेही नाव न घेता. कोतवाल बुक सोडलं तर त्या जिवाची दुसरी खूण उरत नाही.

मात्र एक खूण घराघरात असते आणि ती आपण रोज उच्चारतो. कवडू, दमडू, उकंडा, उकर्डा, दगडू, धोंडू, भिका, फकिरा, नत्थू. लेकरं टिकत नसली की पुढचं मूल जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवायचं आणि दुसऱ्या बाईनं उचलून आणून द्यायचं, की झाला उकंडा. शेजारणीला देऊन एका कवडीला परत विकत घ्यायचं, की झाला कवडू. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालायची, म्हणजे मरणाला तो मुलगी वाटेल, तो नत्थू. वंशावळीत असं नाव दिसलं की त्याच्या आधी एक, दोन, कधी तीन लेकरं गेलेली असण्याचा दाट संभव धरावा आणि आधीची आठ-दहा वर्षं मुद्दाम तपासावीत. 'तेव्हाच्या लोकांना लेकरू गेल्याचं एवढं काही वाटत नसे, होतच होती दहा-दहा,' असं सर्रास बोललं जातं. ज्या आईनं पोटचा गोळा उकिरड्यावर ठेवला आणि त्याच्या रडण्याकडे कान लावून दाराआड उभी राहिली, तिच्याबद्दल असं बोलणं फार अन्यायाचं आहे.

आता नोंद वाचायची कशी. नकलेच्या अर्जात मौजा, तेव्हाचा तालुका आणि वर्षांचा पट्टा द्यावा लागतो. 'तेव्हाचा' हा शब्द महत्त्वाचा. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चांद्यातून, म्हणजे चंद्रपुरातून निघाला, वाशीम १९९८ साली अकोल्यातून, गोंदिया १९९९ साली भंडाऱ्यातून. तालुके तर अनेकदा फुटले. आजच्या तहसिलीत बुक नसेल तर मूळ तालुक्याच्या अभिलेख कक्षात विचारावं. एकच वर्ष मागू नये. आजोबांच्या अंदाजे जन्माच्या मागं दहा आणि पुढं दहा अशी वीस वर्षं बघावीत, जन्म आणि मृत्यू दोन्ही. जुनं लिखाण मोडीत असेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावं, अंदाजानं नाव लावू नये.

सगळ्यात मोठी चूक इथं होते. समजा १९२१ साली पणजोबाला मुलगा झाल्याची नोंद आहे आणि १९२४ साली पुन्हा मुलगा झाल्याची. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर १ जुलै १९२२. मास्तरांनी अंदाजानं लावलेली ही १ जुलै विदर्भातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची जन्मतारीख असेल. घरचे लोक जवळची म्हणून १९२१ ची नोंद आजोबांची धरतात आणि प्रतिज्ञापत्रावर तसं लिहून मोकळे होतात. मृत्यूचं पान कुणी उलटलेलं नसतं. तिथं १९२२ च्या पावसाळ्यात 'मुलगा, वय ८ महिने' गेलेला असतो. म्हणजे आजोबा १९२४ चे, आणि ती जन्मनोंद त्यांच्या थोरल्या भावाची. जात पडताळणी समितीच्या दक्षता पथकाच्या चौकशीत ही विसंगती निघाली की प्रकरण अडतं. म्हणून जन्माची प्रत्येक नोंद पुढच्या पाच वर्षांच्या मृत्यूंशी ताडून बघितल्याशिवाय कुणाच्याही नावावर लावू नये.

दोन भावंडांमधलं अंतरही बोलतं. आई अंगावर पाजत असेल तर पुढचं मूल साधारण दोन-अडीच वर्षांनी, तीन वर्षांनी होतं. मध्येच पाच-सहा वर्षांची पोकळी दिसली तर तिथं एखादं लेकरू असावं. उलट दोन जन्मांत तेरा-चौदा महिन्यांचंच अंतर असेल तर पहिलं तान्हं असतानाच गेलेलं असू शकतं, कारण पाजणं थांबलं की दिवस लवकर राहतात. आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हे विसरू नये. पहिलं लेकरू माहेरीच गेलं असेल तर त्याची नोंद पणजीच्या गावच्या बुकात असते. सासरच्या गावाचं बुक कितीही चाळलं तरी ती सापडायची नाही.

मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात 'ताप' हा शब्द बघून फार काही ठरवता येत नाही. हिवताप, निमोनिया, विषमज्वर, सगळं त्यात बसतं. देवी, गोवर, पटकी, हगवण हे शब्द जास्त भरवशाचे, कारण ती लक्षणं गावाला ओळखू येत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांच्या आणि त्यांच्या लगतच्या वर्षांची पानं मिळाली तर मृत्यूंची रांग दिसते. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं तर हात थरथरावा अशी असतात. मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, त्या साथीनं मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला देशात सगळ्यात जास्त झोडपलेल्या भागांत नेऊन ठेवलं. ती साथ तरण्या माणसांना नेणारी होती. म्हणून तिथं लेकराची नोंद दिसली की त्याच्या आधीच्या काही आठवड्यांत 'जौजे' नोंद शोधावी : आई आधी जाते, दूध तुटतं, आणि तान्हं तिच्या मागोमाग जातं.

वयाकडे नीट बघितलं तर आणखी कळतं. जन्मल्यावर दोन दिवस नीट रडलेलं, दूध ओढलेलं मूल तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या दरम्यान दूध घेईनासं होऊन, अंग ताठून गेलं, तर त्यामागं बहुधा धनुर्वात असतो. पाचवी पुजली आणि त्यानंतर लेकरू गेलं, 'सटवीनं नेलं', असं घरोघर सांगत त्यातली कितीतरी हीच असणार. विळ्यानं नाळ कापली, वर शेण-माती लावली, आणि शेणा-मातीत धनुर्वाताचे जंतू असतात. दोष सुईणीचा नव्हता, पांढऱ्या पायाची म्हणून जिला हिणवलं त्या सुनेचा तर नव्हताच. गरोदरपणी आईला दिलेल्या लसीनं आणि स्वच्छ बाळंतपणानं हे मरण टळतं. २०१५ साली भारतातून नवजात धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं आणि ३९ गावांतले नवजात मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी खाली आले. म्हणजे ती बरीच लेकरं वाचण्यासारखी होती. हे कळल्यावर दुःख हलकं होत नाही, उलट जास्त टोचतं. पण सुनेवरचा शंभर वर्षांचा ठपका पुसला जातो.

एक वय मात्र आजच्या पिढीसाठी थांबून बघण्याचं आहे. एकाच जोडप्याची दोन-तीन लेकरं सहा महिने ते पाच वर्षं या वयात गेलेली दिसली, आणि घराण्यात अजूनही कुणाला सांधेदुखी, कावीळ, रक्त कमी होणं चालू असेल, तर घरातल्या लग्नाच्या मुला-मुलींची सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्यावी. विदर्भात हा आजार अनेक जाती-जमातींत आहे. जन्मानंतर सहा महिने गर्भातलं हिमोग्लोबिन बाळाला सांभाळतं, त्रास पुढं सुरू होतो. आई-बाप दोघंही वाहक असतील तर दर बाळंतपणात चारात एक अशी आजारी मूल होण्याची शक्यता असते. आधी सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी. कोतवाल बुकावरून निदान होत नाही, पण तपासणीला जायचं कारण मिळतं.

राहिला प्रश्न मनाचा. नोंद सापडली की माणूस आधी मोजायला लागतो : सात झाली, तीन वाचली. मग म्हाताऱ्या माणसांच्या सवयींचा अर्थ लागू लागतो. आजी तान्ह्याला नवे कपडे का शिवू देत नसे, 'पोरगं गोड आहे' म्हटलं की चटकन मीठ-मिरची का ओवाळी, पाळण्याला काळा दोरा बांधल्याशिवाय का उठत नसे. आणि सगळ्यात जड जाते ती ही जाणीव की आधीचं मूल जगलं असतं तर कदाचित आपले आजोबा जन्मलेच नसते. हा अपराधीपणा बऱ्याच जणांना गाठतो, त्यात वेडेपणा काही नाही. अशा वेळी एका बैठकीत सगळी वीस वर्षं काढू नयेत. अभिलेख कक्षात फक्त उतरवून घ्यावं, अर्थ घरी लावावा, आणि बरोबर एक माणूस असावं.

घरच्या म्हाताऱ्यांना कागद दाखवून 'हे बघ, तुला एक बहीण होती' असं एकदम सांगू नये. ज्या बाईची स्वतःची लेकरं गेली आहेत तिच्यासमोर तर मुळीच नाही. तिच्यासाठी ही नोंद जुनी नसते. 'तुम्ही किती भावंडं?' असं विचारलं तर जिवंत राहिलेल्यांचाच आकडा मिळतो. 'तुमच्या मायला किती झाली, किती वाचली?' असा विदर्भातल्या बायाच एकमेकींना विचारतात तसा प्रश्न दुपारच्या निवांत वेळी, पुरुषमाणसं नसताना, घरातल्या बाईनं विचारावा. उत्तर आलं तर ऐकून घ्यावं. 'जाऊ दे बाई' म्हणाली तर जाऊ द्यावं. कधी दोन दिवसांनी, वाती वळताना, ती आपणहून एखादं नाव सांगते. बारसं झालेलं असतं, नाव ठेवलेलं असतं, बुकात तेवढं आलेलं नसतं.

समितीपुढं द्यायच्या वंशावळीत अर्जदारापर्यंत येणारी ओळ स्पष्ट असली म्हणजे झालं. घरी ठेवायच्या वंशावळीत मात्र प्रत्येक लेकराला त्याच्या क्रमानं जागा द्यावी, मोठ्यांच्याच आकाराच्या अक्षरात. आजीनं सांगितलेलं नाव असेल तर ते, नसेल तर बुकात आहे तसं : मुलगी, जन्म-मृत्यू १९२१, वय ९ दिवस, आणि खाली मौजाचं नाव.