कॅकॉफनी: मराठवाड्यात तीस वर्षं उशिरा पोचलेला बँड

‘हरवलेला बँड पुन्हा सापडला’ म्हणायचं तर तो आधी कधीतरी आपल्याकडे असायला लागतो. कॅकॉफनी हा अमेरिकेचा बँड मराठवाड्यात कधी नव्हताच. १९८७ साली त्यांचा पहिला अल्बम निघाला तेव्हा नांदेड-परभणीकडची गाडी मीटरगेजवरून धावत होती, आणि इंग्रजी कॅसेट हवी असेल तर पुण्या-मुंबईहून येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेवर भरवसा ठेवावा लागायचा. त्या बॅगेत मायकल जॅक्सन असायचा, फार तर बोनी एम. अमेरिकेतही मोजक्या लोकांनी ऐकलेला बँड त्यात निघण्याची शक्यता शून्य. तरीही आज लातूर, नांदेड, संभाजीनगरची गिटार शिकणारी पोरं त्यातल्या गिटारवादक जेसन बेकरचं नाव घरचं असल्यासारखं घेतात. हे कसं झालं, ते थोडं मागे जाऊन सांगतो.

आधी एक गोंधळ मिटवू. कॅकॉफनीच्या शैलीला, म्हणजे शास्त्रीय वळणाच्या जोरकस रॉकला, ‘निओक्लासिकल मेटल’ म्हणतात. ते म्हटलं की आपल्याकडे हमखास विचारतात, शास्त्रीय म्हणजे कोणता राग? इथलं क्लासिकल युरोपचं: बाख, विवाल्डी आणि सगळ्यांत जास्त पॅगानिनी. निकोलो पॅगानिनी हा इटलीचा व्हायोलिनवादक. त्याने एकट्या व्हायोलिनसाठी लिहिलेले चोवीस कॅप्रिस, म्हणजे छोट्या रचना, १८२० मध्ये छापून आले. वाजवायला इतके अवघड, की सैतानाशी करार केल्याशिवाय असं वाजवता येणार नाही, अशी त्याच्याबद्दल बोलवा होती. दीडेकशे वर्षांनी तीच बोटं इलेक्ट्रिक गिटारवर फिरवायची काही जणांना हौस आली. डीप पर्पल या बँडच्या रिची ब्लॅकमोरने सत्तरच्या दशकात बाखच्या वळणाचे तुकडे रॉकमध्ये आणले होते. पण त्याचं खुळात रूपांतर केलं ते स्वीडनच्या यंग्वी माल्मस्टीनने. लहानपणी टीव्हीवर गिडॉन क्रेमरला पॅगानिनी वाजवताना पाहून तो वेडा झाला. १९८४ मध्ये त्याचा ‘रायझिंग फोर्स’ आला आणि जगभरच्या पोरांनी गिटारवर तासन्‌तास घासायला सुरुवात केली.

माल्मस्टीनला अमेरिकेत आणणारा माणूस माइक वार्नी. या सगळ्या गोष्टीत तो मला सगळ्यांत रंजक वाटतो, कारण त्याचं काम आपल्याकडच्या जुन्या संगीत नाटक कंपनीच्या मालकासारखं आहे: गावोगावची गळेबाज पोरं हेरायची आणि रंगमंचावर उभी करायची. वार्नी एका गिटार मासिकात सदर चालवायचा. कुणीही आपली टेप पाठवावी, त्यातली बरी वाटलेली नावं तो छापायचा. १९८० मध्ये त्याने कॅलिफोर्नियात श्रॅपनेल रेकॉर्ड्स ही छोटी कंपनी काढली होती. टेपमधून सापडलेली पोरं तो तिथे उतरवायचा. टोनी मॅकअल्पाइन, विनी मूर, पॉल गिल्बर्टचा रेसर एक्स हे सगळे त्याच दारातून आले. या अल्बमवर बजेट बेताचं असायचं, गायक पुष्कळदा कामचलाऊ असायचा आणि आवाज कोरडा. पैसे खर्च व्हायचे ते गिटारवर.

जेसन बेकरही त्याच दारात पोचला. जन्म २२ जुलै १९६९, कॅलिफोर्नियातलं रिचमंड. वार्नीने त्याची गाठ मार्टी फ्रीडमनशी घालून दिली. मार्टी साडेसहा वर्षांनी मोठा, आधी ‘हवाई’ नावाच्या बँडमध्ये वाजवलेला. दोघांचं जमलं आणि कॅकॉफनी उभा राहिला. या शब्दाचा अर्थच कलकलाट. पण ऐकायला बसलं की कलकलाट कुठेच सापडत नाही, सगळं रेषेवर आखल्यासारखं.

१९८७ मध्ये ‘स्पीड मेटल सिंफनी’ आला. बेकर तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा. गायक पीटर मॅरिनो, ड्रमवर अत्मा अनुर. अल्बमच्या नावाचीच शेवटची रचना साडेनऊ मिनिटांच्या आसपास चालते. तिच्यात गाणं नाही, दोन गिटार एकमेकींशी बोलतात. आपल्या कानाला हे सहज कळतं, कारण जुगलबंदी आपल्याला शिकवावी लागत नाही. फरक एवढाच, की आपल्या जुगलबंदीत एक वाजवतो तेव्हा दुसरा थांबून दाद देतो. हे दोघं बराच वेळ एकाच वेळी दोन वेगळ्या स्वररेषा धरून चालतात आणि ठरलेल्या जागी एकत्र येतात. आपल्या मैफिलीत न मिळणारी गोष्ट ही. ती ऐकायला तीन-चार वेळा बसावं लागतं.

१९८८ मध्ये दुसरा अल्बम ‘गो ऑफ!’. त्याच वर्षी दोघांनी वेगवेगळे एकट्याचे अल्बमही काढले, मार्टीचा ‘ड्रॅगन्स किस’ आणि जेसनचा ‘पर्पेच्युअल बर्न’. १९८९ मध्ये बँड मोडला. विक्री बेताची होती. मोडण्यात काही कटुता नव्हती, मोठी बोलावणी आली एवढंच. मार्टी मेगाडेथ या बँडमध्ये गेला आणि त्यांच्या १९९० च्या ‘रस्ट इन पीस’ अल्बमवर त्याने जे वाजवलं ते आजही गिटारवाले घोकतात. जेसनला बोलावलं डेव्हिड ली रॉथने. व्हॅन हेलन या बँडचा हा माजी गायक. त्याच्याकडे जेसनच्या आधी स्टीव्ह वाय वाजवत होता. विसाव्या वर्षी याहून मोठी जागा नव्हती.

आणि तेव्हाच डाव्या पायात लंगड जाणवायला लागली. निदान झालं एएलएस. या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी एकेक करून मरत जातात. बहुधा आधी हातपाय जातात, मग बोलणं, गिळणं, श्वास. डोकं मात्र पुष्कळदा लख्ख राहतं. डॉक्टरांनी तीन ते पाच वर्षं दिली. हातातली ताकद जात असताना, हलक्या तारा लावून, त्याने रॉथचा ‘अ लिटल एन्ट इनफ’ हा अल्बम पुरा केला. १९९१ मध्ये तो बाहेर आला तेव्हा जेसन दौऱ्यावर जाऊ शकत नव्हता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ आला आणि वेगाने गिटार वाजवणं हेच एकाएकी हास्यास्पद ठरलं. माणूस आजारी आणि शैली बाद, दोन्ही एकाच वेळी. कॅकॉफनी विसरला जाण्याचं कारण बहुतेक जण आजार सांगतात. माझ्या मते दुसरं कारण मोठं होतं. जेसन ठणठणीत असता तरी नव्वदच्या दशकात या संगीताला अमेरिकेत गिऱ्हाईक नव्हतं. जपानमध्ये होतं, आणि मार्टी २००३ मध्ये तिकडेच जाऊन राहिला, हा योगायोग नाही.

जेसनने पुढे काय केलं ते माहीत असणारे आता पुष्कळ आहेत, म्हणून थोडक्यात. वडील गॅरी बेकर यांनी डोळ्यांच्या हालचालीवर एक पद्धत बसवली. अक्षरं गटांमध्ये मांडलेली. जेसन एका दिशेला पाहतो तेव्हा गट कळतो, पुन्हा पाहतो तेव्हा गटातलं अक्षर कळतं. घरचे ते वाचतात. स्वरही तसेच सांगायचे, संगणकावर मांडायचे. १९९६ मध्ये ‘पर्स्पेक्टिव्ह’ हा अल्बम आला. २०१२ मध्ये त्याच्यावर ‘नॉट डेड येट’ हा माहितीपट निघाला, २०१८ मध्ये ‘ट्रायम्फंट हार्ट्स’ हा अल्बम. तीन ते पाच वर्षं सांगितलेला माणूस जवळपास तीस वर्षांनी अल्बम काढतो, ही बातमी कुणालाही वाचाविशी वाटते. मला तिचा थोडा त्रास होतो. अनेक जण आधी आजार वाचतात, मग ऐकतात, आणि ऐकताना दया मधे येते. सतरा वर्षांच्या त्या पोराला दयेची काही गरज नव्हती.

मी नेमका उलट्या बाजूने आलो, तेही चुकून. २००० नंतरची काही वर्षं मी औरंगाबादला इंजिनिअरिंगला होतो. औरंगपुऱ्यात एकाकडे एमपीथ्रीच्या सीडी भरून मिळायच्या, एका सीडीत दीडशे गाणी. माझ्या सीडीवर मार्करने ‘गिटार’ एवढंच लिहिलेलं. त्यातल्या पाच-सहा फाइलींना यंग्वी माल्मस्टीनचं नाव होतं. होस्टेलवर लोडशेडिंग असायचं, म्हणून वीज असेल तेवढ्या वेळात मी त्याच पुन्हापुन्हा लावायचो. दोन वर्षं मी माल्मस्टीन ऐकतोय अशा समजुतीत होतो. मग सायबर कॅफेत तासाला वीस रुपये मोजून एक टॅब उतरवून घेतली, म्हणजे गिटारवर कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेला कागद. त्यावर नाव निघालं जेसन बेकर. गाणं ‘पर्पेच्युअल बर्न’मधलं. बँड काय, आजार काय, काही माहीत नव्हतं. मी नुसता चिडलो, की इतके दिवस चुकीच्या माणसाला दाद दिली.

असं ऐकणारे तेव्हा शहरात दहा-बारा असतील. मराठवाड्यात गिटार तीन ठिकाणी दिसायची: चर्चमध्ये, ऑर्केस्ट्रात आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. ऑर्केस्ट्रातला गिटारवाला कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, धरायचा. लीड, म्हणजे मुख्य सुरावट, वाजवायला कीबोर्ड असायचा. आवाज खरखरीत करणारा डिस्टॉर्शनचा पेडल कुणाकडे असलाच तर तो मंडळाच्या साउंडवाल्याला आवडायचा नाही.

खरा बदल २०१६ मध्ये झाला. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. आमच्या गल्लीत लोक टँकरची वाट बघत रात्री जागायचे. सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि काही महिने डेटा फुकट झाला. हौदात पाणी नाही आणि फोनवर जगातला कुठलाही व्हिडिओ, असं ते वर्ष होतं. त्यानंतर गिटार शिकायला पुण्याला जायची गरज उरली नाही. कुणाचंही वाजवणं पाव वेगाने लावायचं आणि बोटं बघत बसायचं.

कॅकॉफनी लोकांपर्यंत पोचला तो मुळात अशा व्हिडिओंमुळेच, इथे पहिल्यांदा आणि बाहेर पुन्हा. एका व्हिडिओत बेकर डाव्या हाताने गिटार वाजवता वाजवता उजव्या हाताने यो-यो फिरवतो. पोरं तो थट्टा म्हणून एकमेकांना पाठवतात आणि त्यातून ‘स्वीप’वर येऊन अडकतात. स्वीप म्हणजे झाडू मारणं. प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायचा तुकडा, प्रत्येक तारेवर वेगळा न मारता एकाच ओढीत पाच तारांवरून घसरवायचा, प्रत्येक तारेवर एकच स्वर. ऐकायला सोपं वाटतं. खरा घोळ डाव्या हातात आहे. बोट स्वर वाजताक्षणी उचललं नाही तर पाचही स्वर एकत्र गुंजतात आणि झाडूऐवजी कॉर्ड ऐकू येते. उचललं आणि लवकर उचललं तर स्वरच मरतो. बेकरचं डावं बोट पाव वेगात पाहिलं की तारेवरून वर जाताना दिसतसुद्धा नाही, नुसतं सैल पडतं. माझ्या पुतण्याला हे एक वाक्य कळायला चार महिने लागले, मला त्याहून जास्त.

दुसरा धागा सुरांचा. हे लोक हार्मोनिक मायनर वापरतात: गंधार आणि धैवत कोमल, निषाद शुद्ध. म्हणजे आपली किरवाणी. तिच्याच सुरांना पंचमापासून सुरुवात केली की रिषभ, धैवत, निषाद कोमल आणि गंधार शुद्ध असा सप्तक मिळतो, तो बसंत मुखारीच्या जवळ जातो. मेटलवाल्यांनी राग घेतला असं कुणी यातून काढू नये, त्यांनी बाखच्या घरातून घेतलं. पण कान तयार असणं वेगळी गोष्ट आहे. हिंदी गाण्यांत किरवाणी मुबलक आहे, त्यामुळे इथल्या माणसाला हा सप्तक परका वाटत नाही. परका वाटतो तो ड्रम.

हे मला एका बेंजोवाल्याने दाखवलं. परभणीकडच्या एका मित्राचे मामा लग्नसराईत बेंजो वाजवतात. बेंजो म्हणजे आपला टाइपरायटरसारख्या कळांचा, बुलबुल तरंग. तो मूळचा जपानचा, १९१२ मध्ये नागोयात निघालेल्या तैशोगोतो या वाद्याचा वंशज. मंडपामागे वरात निघायची वाट बघत सगळे बसले होते. मित्राने ॲम्पवर फोन ठेवून बेकरने इलेक्ट्रिक गिटारवर वाजवलेला पॅगानिनीचा पाचवा कॅप्रिस लावला. मामांनी विडी विझवली.

“आरं, हा किरवाणीच वाजवायलाय की.”

“मामा, ते इटलीचं आहे.”

“इटलीचं का असंना. परत लाव.”

तीनदा लावलं. मग त्यांनी बेंजो मांडीवर घेतला. बेंजोवर स्वीप होतच नाही. एक कळ दाबली की ती सुराच्या सगळ्या तारा एकदम दाबते, तारेवरून तारेवर घसरायला जागाच नाही. जे बेकर एका ओढीत करतो ते मामांना प्रत्येक स्वराची कळ वेगळी मारून करावं लागणार होतं, तेही उजव्या हाताच्या तितक्याच ठोक्यांनी. त्यांनी पहिली चढण धरली, दोन कळा चुकल्या, पुन्हा धरली. तिसऱ्यांदा वरच्या षड्जापर्यंत स्वच्छ पोचले. उतरताना निषादावर अडखळले आणि हसले.

“हे पोरगं आता कुठं वाजवतं?” त्यांनी विचारलं. मित्राने सांगितलं. मामा काही बोलले नाहीत. पुढून हलगी सुरू झाली, कुणीतरी “घोडं आलं” म्हणून ओरडलं. मामांनी फोन परत दिला आणि म्हणाले, “मला पाठव ते. सावकाश चालणारं.”