ड्राफ्टमध्ये राहिलेलं उत्तर

मीटिंगमध्ये दोघांच्या कामावर एकाच वेळी ठपका येतो. पंचविशीतला मुलगा जागेवर पोहोचताच चार ओळींचं खरमरीत उत्तर लिहितो आणि सगळ्यांना सीसी करून पाठवून देतो. पंचावन्न वर्षांच्या बाईही तेवढंच खरमरीत लिहितात, पण ड्राफ्टमध्ये ठेवून घरी जातात. सकाळी त्यातल्या तीन ओळी त्या स्वतःच खोडतात.

वय वाढतं तशी माणसं वादाला कमी तोंड फोडतात, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. का, याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं आहे. पुढे भरपूर काळ आहे असं वाटतं तेव्हा माणूस ओळखी, माहिती, संधी गोळा करतो आणि त्यासाठी थोडा मनस्ताप सोसतो. काळ थोडा उरलाय असं वाटलं, की मनाची शांती आणि जवळची माणसं आधी येतात. गंमत म्हणजे तरुणांना ‘तुम्ही लवकरच दूर कुठेतरी राहायला जाणार आहात, एकटेच’ अशी कल्पना करायला सांगितली, तर तेही ज्येष्ठांसारखंच निवडतात. मोकळा अर्धा तास ओळखीच्या, जवळच्या माणसाबरोबर घालवावासा वाटतो. म्हणजे वयापेक्षा उरलेल्या काळाचा अंदाज महत्त्वाचा. नोटीस पीरियडमधल्या तरुणालाही कालपरवापर्यंतचे वाद एकदम क्षुल्लक का वाटू लागतात, त्याचं कारणही मला इथेच दिसतं.

अर्थात सगळं श्रेय मनाला देऊ नये. ज्येष्ठांकडे अनेकदा पद असतं, आणि समोरचेही त्यांच्याशी जरा सांभाळून बोलतात. ज्याच्यावर कुणी आवाज चढवत नाही, त्याला शांत राहणं सोपंच.

पण या शांतपणाला एक अट आहे, आणि ती कार्यालयांनी समजून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. मानसशास्त्रज्ञ सुझन चार्ल्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांच्या रोजच्या कुरबुरींचा अभ्यास मांडला. वाद टाळता आला त्या दिवशी वयस्करांना तरुणांपेक्षा कमी त्रास झाला. वाद झालाच, तर मात्र वयाचा फायदा दिसला नाही. पुढच्याच वर्षी चार्ल्स यांनी याची शरीराकडची बाजू मांडली: भावना एकदा उसळली, की चढलेला रक्तदाब उतरायला वाढत्या वयात जास्त वेळ लागू शकतो. म्हणून उसळण्याआधीच बाजूला होणं हीच ज्येष्ठांची खरी ताकद. बाजूला व्हायला जागाच नसेल, उदाहरणार्थ चिडलेल्या ग्राहकासमोरचा काउंटर किंवा रोज टोचून बोलणारा साहेब, तर ती ताकद निरुपयोगी ठरते. ‘त्यांना सवय आहे, ते सांभाळून घेतील’ म्हणत सर्वांत तापट ग्राहक नेमके ज्येष्ठांच्याच टेबलाकडे वळवले जातात.