स्वस्त ॲम्प, घरचा सबवूफर आणि वॉटचा घोळ

सबवूफरला, म्हणजे फक्त खर्ज वाजवणाऱ्या स्पीकरला, स्वस्तातला ॲम्प (आवाजाचा सिग्नल मोठा करणारं यंत्र) जोडायचा प्रयोग इंटरनेटवरच्या मुठीएवढ्या डब्यांसोबत आला, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. या डब्यांमधलं क्लास-डी तत्त्व, म्हणजे ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करत आवाज वाढवायचा, १९५० च्या दशकातलं आहे आणि १९६४ साली ब्रिटनमध्ये त्यावर आधारलेलं किटही विकायला आलं होतं. त्या काळच्या ट्रान्झिस्टरना तो वेग झेपला नाही, एवढं सांगून पुढे जाऊ.

आपल्याकडची खरी सुरुवात ४४४० या आयसीपासून (एकाच चिपमध्ये बसवलेल्या ॲम्पपासून) धरावी लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, असेंबल्ड ॲम्प घेतलेल्या माणसाला हा आकडा वेगळा सांगावा लागत नाही. गाडीच्या बॅटरीएवढ्या व्होल्टेजवर चालणारी ही आयसी. १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, एक मोठा कपॅसिटर आणि उष्णता बाहेर टाकणारा हीटसिंक म्हणून ॲल्युमिनियमचा तुकडा मिळाला की काम झालं. कंपनीच्या डेटाशीटप्रमाणे ४ ओमच्या (ओम म्हणजे स्पीकरचा विद्युत अडथळा) स्पीकरवर दर चॅनेलला ६ वॉट, ब्रिज केलं, म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवला, तर १९. पुढे कॉम्प्युटरसोबतच्या २.१ सेटमध्ये (दोन छोटे स्पीकर आणि एक सबवूफर) टीडीए २०३० ही आयसी दिसू लागली, तिचे १४ वॉट. खोक्यावर मात्र हजारांतले आकडे आणि शेजारी चार अक्षरं : पीएमपीओ, म्हणजे ‘पीक म्युझिक पॉवर आउटपुट’.

या चार अक्षरांना ठरलेली व्याख्या कधीच नव्हती. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज क्षणार्धात रिकामी झाली तर किती होईल, ते सगळ्या चॅनेलचं मिळून बेरजेत धरायचं आणि वर आणखी काही चढवायचं, असा तो कारभार. मग जाणकार गिऱ्हाईक ‘आरएमएस किती?’, म्हणजे सतत मिळणारी पॉवर किती, असं विचारू लागलं. गंमत म्हणजे ‘आरएमएस वॉट’ हाही शास्त्राच्या दृष्टीने चुकीचाच शब्द. आरएमएस असतो व्होल्टेजचा आणि करंटचा. त्यांच्या गुणाकारातून निघते ती सरासरी पॉवर. पण बाजारात हाच चुकीचा शब्द त्यातल्या त्यात प्रामाणिक ठरला.

अमेरिकेत हा गोंधळ आधीच होऊन गेला होता. तिथल्या व्यापार नियामकाने १९७४ मध्ये घरगुती ॲम्पची पॉवर कशी मोजायची आणि छापायची याचा नियम केला. त्यातली एक अट फार गाजली : मोजण्याआधी ॲम्प तासभर त्याच्या जाहीर पॉवरच्या एक तृतीयांशावर चालवून तापवायचा. क्लास-एबी, म्हणजे तेव्हाचा नेहमीचा, ॲम्प नेमका याच पट्ट्यात सर्वांत जास्त तापतो. म्हणजे हीटसिंक मोठा, वजन जास्त, किंमत जास्त. गाणी ऐकताना कोणाचाही ॲम्प सलग तासभर इतका राबत नाही, हा उत्पादकांचा आक्षेप अगदीच खोटा नव्हता. २००० साली ती अट एक अष्टमांशावर आली. त्याच वेळी स्वतःचा ॲम्प असलेल्या सबवूफर-सॅटेलाइट संचांची मोजणी कशी करायची हेही स्पष्ट झालं. सबवूफरपुरतं बोलायचं तर जुनी अट बरी होती, असं माझं मत. लांबलेला खर्ज ॲम्पला श्वास घेऊ देत नाही. आपल्या खोक्यांना अर्थात यातलं काहीच लागू नव्हतं.

डीव्हीडीबरोबर ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) घरात आलं आणि स्वस्त ॲम्पला नवं काम मिळालं. रिसीव्हरच्या (सगळे स्पीकर चालवणाऱ्या मुख्य यंत्राच्या) मागच्या सब-आउट या सबवूफरसाठीच्या जोडणीतून नुसता सिग्नल येतो, त्यावर पॅसिव्ह, म्हणजे स्वतःचा ॲम्प नसलेला, वूफर हलत नाही. मग जुना स्टिरिओ ॲम्प माळ्यावरून खाली येई आणि त्याच्या आधी ४५५८ या छोट्या आयसीची लो-पास फिल्टर (फक्त खर्ज पुढे जाऊ देणारी) पट्टी लागे. ८० हर्ट्झच्या आसपास वरचे सूर कापले की गायकाचा आवाज वूफरमधून यायचा थांबे. हम, म्हणजे विजेची गुणगुण, मात्र राहायचाच.

साधारण २०१२ नंतर टीपीए ३११६ ही क्लास-डी चिप आली. वीज फारशी वाया जात नाही, तापणं कमी, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर आणि भलामोठा हीटसिंक दोन्ही गेले. पण आकड्यांची खोड गेली नाही. या चिपवरचे १०० वॉट खरे आहेत, पण दोन्ही चॅनेल समांतर जोडून, २१ व्होल्टवर आणि २ ओमवर. घरचा वूफर ४ ओमचा आणि सोबतचा ॲडॉप्टर १२ व्होल्टचा असेल तर व्होल्टेजच्या वर्गाला ओमच्या दुपटीने भागा : १४४ भागिले ८, म्हणजे १८ वॉट, तेही आवाज फाटायच्या सीमेवर. लॅपटॉपच्या १९ व्होल्टवर ४५, २४ व्होल्टच्या एसएमपीएसवर (हलक्या इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लायवर) ७२. वूफर ८ ओमचा असेल तर प्रत्येक आकडा निम्मा.

म्हणजे १२ व्होल्टवर हा नवा डबा, कागदावरच्या आकड्यांत तरी, ब्रिज केलेल्या जुन्या ४४४० पेक्षा एक वॉट मागेच दिसतो.