मध्ययुग अंगावर चढवण्याचा छंद आला कुठून?

युरोप-अमेरिकेत आज हजारो लोक हौसेने मध्ययुगीन पोशाख शिवतात, ते घालून माळावर तंबू ठोकतात आणि सहाशे वर्षांपूर्वीची लढाई पुन्हा लढतात. या छंदाचा इतिहास बहुतेकदा चिलखतं आणि तलवारींपासून सांगितला जातो. माझ्या मते त्याला खरं वळण दिलं ते कबरींत आणि कचऱ्यात सापडलेल्या साध्या माणसांच्या कपड्यांनी.

सुरुवात मात्र देखाव्यानेच झाली. 1823 मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’साठी जेम्स प्लँशे यांनी थडग्यांवरच्या मूर्ती आणि राजमुद्रा अभ्यासून त्या काळाचे पोशाख ठरवले. पुढे 1838 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकात काटकसर म्हणून जुने सोहळे गाळले गेले. परंपराप्रिय उमरावांना ते झोंबलं. दुसऱ्याच वर्षी ऑगस्टमध्ये अर्ल ऑफ एग्लिंटन यांनी स्कॉटलंडमध्ये आपल्या जहागिरीत घोड्यावरच्या भालाझुंजी भरवल्या. चिलखतं आली, झेंडे आले, लाखाच्या घरात प्रेक्षक आले आणि पावसाने सगळ्यांची दाणादाण उडवली.

आजच्या संघटित छंदाची सुरुवात त्यानंतर सव्वाशे वर्षांनी झाली. 1 मे 1966 रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे एका घराच्या परसात काही मित्रमंडळी मध्ययुगीन वेशात जमली आणि त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम’ उभी राहिली. तिथे तलवारी वेताच्या असतात, आणि घाव वर्मी बसला की नाही हे ज्याला लागला त्यानेच प्रामाणिकपणे सांगायचं असतं. मला हा नियम फार आवडतो. स्वीडनमधल्या विस्बीचा मध्ययुग सप्ताह 1984 पासून भरतो, तर पोलंडमध्ये ग्रुनवाल्डची 1410 ची लढाई 1998 पासून दर जुलैत त्याच रणभूमीवर लढली जाते.

आता कपड्यांकडे येऊ. चित्रात झगा दिसतो, पण त्याची शिवण दिसत नाही. ती दाखवली ग्रीनलंडच्या गोठलेल्या जमिनीने. 1921 मध्ये डॅनिश पुरातत्त्वज्ञ पोल नॉर्लुंड यांनी हेर्योल्फ्सनेस इथलं, मध्ययुगातल्या नॉर्स वसाहतीचं जुनं दफनस्थान खणलं. लाकडाच्या टंचाईमुळे तिथे अनेकांना शवपेटीऐवजी जुन्या कपड्यांतच गुंडाळून पुरलं होतं. माणसं विरघळून गेली, लोकरीचे झगे राहिले. त्यांचं बेतणं पाहण्यासारखं आहे: दोन्ही बाजूंना खाली रुंदावत जाणारे उभे तुकडे, पुढे-मागे मधोमध चीर देऊन बसवलेल्या कळ्या, म्हणजे तिकोनी तुकडे. त्यामुळे झगा खांद्याशी अंगासरशी बसतो आणि खाली ऐसपैस घेर धरतो. कापड घरी विणलेलं, महिन्यांच्या मेहनतीचं, म्हणून एकही तुकडा वाया जाऊ द्यायचा नाही हे त्यात स्पष्ट दिसतं. आज मध्ययुगीन कपडे शिवणारा बहुतेक प्रत्येक जण कधी ना कधी हे झगे समोर ठेवून कात्री धरतो.

लंडनमध्ये थेम्सकाठच्या ओल्या भरावातून चौदाव्या शतकातल्या कपड्यांच्या चिंध्या निघाल्या. त्यांवरचा अभ्यास 1992 मध्ये पुस्तकरूपाने आला आणि तेव्हाचं बटण कसं करत आणि कुठे लावत, हे कोडं सुटलं. कापडाचा छोटा गोल कापायचा, कडेने धावदोरा घालून आवळायचा, कडा आत दाबून घट्ट गोळी करायची, आणि ती बाहीच्या अगदी काठावर टाकायची. आपण आज लावतो तशी काठापासून आत नाही. अशी बारा-पंधरा बटणं लावलेली बाही हाताला जशी चिकटून बसते, तशी दुसऱ्या कुठल्याही युक्तीने बसत नाही.

एक जागा मात्र बराच काळ रिकामी होती. लोकर आणि रेशीम अशा ओल्या मातीत टिकतं, लिननचं, म्हणजे जवसाच्या धाग्याचं कापड कुजून जातं, आणि आतले कपडे तर लिननचेच. त्यामुळे बायकांच्या झग्याखाली नेमकं काय असायचं हे बरंचसं अंदाजाने शिवलं जाई. 2008 मध्ये ऑस्ट्रियातल्या लेंगबर्ग किल्ल्यात दुरुस्ती चालू असताना पंधराव्या शतकात बुजवलेल्या एका पोकळीत कापडाचे 2,700 हून अधिक तुकडे हाती आले. त्यांत लिननची, वाट्या शिवलेली, थेट आजच्या ब्रेसियरसारखी वस्त्रं होती. 2012 मध्ये त्यांचे फोटो प्रसिद्ध झाले, आणि पोशाख शिवणाऱ्या बायकांनी त्यावरून लगेच आपापले कच्चे नमुने बेतायला घेतले.