उजेडाची साथ घेणारी जस्ताची बॅटरी

सोलापूरच्या डाइंगमध्ये सूत व्हॅट रंगात, म्हणजे एरवी पाण्यात न विरघळणाऱ्या रंगात, रंगवताना आधी कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) घालतात. हायड्रोकडून इलेक्ट्रॉन मिळाले की रंग विरघळून सुतात शिरतो. मग हवा लागली की तो इलेक्ट्रॉन सोडून पुन्हा अविद्राव्य होतो, म्हणून धुण्यात निघत नाही. यातले बरेच रंग अँथ्राक्विनोन घराण्यातले, म्हणजे क्विनोन या इलेक्ट्रॉन घेणाऱ्या-सोडणाऱ्या सेंद्रिय रेणूंपैकी.

पाण्यातल्या जस्त-बॅटरीच्या सेंद्रिय कॅथोडमध्येही (जस्तासमोरच्या धन टोकात) क्विनोन पुढे आहेत. जस्त ग्रॅममागे 820 मिलिअँपिअर-तास देतं आणि पाणी पेट घेत नाही, म्हणून ही जोडी मोलाची. डिस्चार्ज होताना क्विनोन इलेक्ट्रॉन घेतो, त्याला जस्ताचा किंवा हायड्रोजनचा आयन चिकटतो. चार्जिंगमध्ये दोन्ही सुटतात.

आता उजेड. तो कॅथोडवर पडतो. कॅथोडच्या पदार्थाचा बँड गॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला वर उचलायला लागणारी किमान ऊर्जा, 2 इलेक्ट्रॉन व्होल्ट असेल, तर साधारण 620 नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरींचा उजेड इलेक्ट्रॉनला वर उचलतो, मागे होल, म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, उरतं. चार्जिंगच्या वेळी हे होल क्विनोनकडचा इलेक्ट्रॉन काढून घेतं, म्हणजे डाइंगमध्ये हवा करते तेच काम. वर गेलेला इलेक्ट्रॉन तारेतून जस्ताकडे जातो आणि चार्जिंगला व्होल्टेज कमी लागतं. दोघं वेळेत वेगळे झाले नाहीत, तर पुन्हा एकत्र येतात आणि उजेडाची नुसती उष्णता होते.

कॅथोड करताना खरी कसरत कार्बनची. नेहमीचं मिश्रण म्हणजे 60 टक्के सेंद्रिय पदार्थ, 30 टक्के कार्बन ब्लॅक, 10 टक्के बाइंडर, म्हणजे हे सगळं धरून ठेवणारा चिकटा. पण कार्बन वीज वाहतो तसा उजेडही गिळतो. त्यामुळे इथे कार्बन कमी आणि थर पातळ ठेवावा लागतो, मग साठवणही घटते. यावर सोपा तोडगा नाही.

इलेक्ट्रोलाइटसाठी, म्हणजे आयन वाहणाऱ्या द्रावणासाठी, 57.5 ग्रॅम झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट थोड्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून द्रावण 100 मिलिलिटरपर्यंत आणा. ते 2 मोलर (लिटरमागे 2 मोल) होतं. काही सायकलनंतर ते रंगीत दिसलं, तर क्विनोन सुटतोय. लहान क्विनोन इलेक्ट्रॉन घेतल्यावर विरघळू लागतात. डाइंगमधला गुण इथे दोष ठरतो. रेणू पॉलिमरमध्ये गुंफले की गळती कमी होते.

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे मापनात एक फसगत हमखास होते. सेल तापला की आयन वेगाने धावतात आणि करंट उजेडाशिवायही वाढतो. म्हणून कॅथोडच्या पाठीला थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावा आणि तेवढ्याच तापमानाला अंधारात तीच चाचणी करा. दोन आकड्यांतला फरक तेवढा उजेडाचा. दिव्यापुढे पाणी भरलेला काचेचा चौकोनी डबा ठेवला, तर अवरक्त किरणांचा बराच भाग तिथेच अडतो.