जनसुनावणी म्हणजे वाटाघाटी नव्हेत

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मोठा प्रकल्प आला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. अधिकारी म्हणतात, 'जनसुनावणी झाली, म्हणजे लोकांशी चर्चा झाली.' गावकरी म्हणतात, 'सुनावणीला गेलो तर संमती दिल्यासारखं होईल.' दोन्ही चूक, आणि त्याचा भुर्दंड दर वेळी गावालाच बसतो.

वाटाघाटी काय असतात हे सांगायला नको. वाडीतल्या पायवाटेचा तंटा मिटवायला बसलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे. थोडं याने सोडायचं, थोडं त्याने.

जनसुनावणीत सोडण्याचा अधिकारच कोणाला नसतो. खरी मेख इथे आहे. ही सुनावणी पर्यावरण मंजुरीआधीची; केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी असतो. या मंडळींना प्रकल्प मंजूरही करता येत नाही आणि रद्दही. त्यांनी ऐकायचं, नोंदवायचं आणि इतिवृत्त वर पाठवायचं. त्यांच्याकडे 'आत्ताच शब्द द्या' म्हणून दोन तास भांडलात, तर ते दोन तास वाया.

बहिष्काराचंही तसंच. या सुनावणीला गणपूर्तीची अट नाही. मंडप रिकामा असला तरी ती झाली असं धरलं जातं. उधळली, तर लोकांना मोकळेपणाने बोलता येईल अशी परिस्थिती नाही असा अहवाल जातो, आणि सुनावणीशिवायच पुढे जायची तरतूद त्याच अधिसूचनेत आहे. हजेरीपटावरची सही ही हजेरीच असते, तिची संमती होत नाही. सही म्हणजे संमती ही अफवा प्रत्येक गावात नव्याने उठते याचा मला मनापासून राग येतो.

जैतापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाकडे बघा. माडबन या प्रकल्पगावची सुनावणी १६ मे २०१० ला झाली, २८ नोव्हेंबरला ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी मिळाली. जमिनीच्या दरावरून दोन्ही बाजूंमधलं अंतर मात्र सुनावणीने कमी झालं नाही. त्यासाठी वेगळी बोलणी लागली आणि २०१३ मध्ये हेक्टरी साडेबावीस लाखांचा दर जाहीर झाला. साखरीनाट्याच्या मच्छीमारांचा प्रश्न दराचा नव्हताच. समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याने मासळीचं काय होणार, ही त्यांची धास्ती. जमीनमालकांशी दर ठरला म्हणून 'विरोध मावळला' असं लिहिणाऱ्यांनी हे लक्षातच घेतलं नाही. अंतर कमी झालं ते एकाच बाजूशी, एकाच मुद्द्यावर.

तेव्हा सुनावणीला जाताना कागद न्या: गट क्रमांक, आंबा-काजूची कलमं किती, पऱ्या म्हणजे ओढा कुठून वाहतो, होड्या कुठे लागतात. 'कोकण उद्ध्वस्त होईल' या वाक्याला प्रकल्पवाल्यांना उत्तर द्यावं लागत नाही. 'या पऱ्यावर खालच्या वाडीच्या विहिरी आहेत, त्यांचं काय' याला द्यावं लागतं, कारण प्रत्येक मुद्दा आणि त्यावरचं त्यांचं म्हणणं इतिवृत्ताला जोडावं लागतं. शेवटी इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तोवर उठू नका. आपला मुद्दा गळला असेल तर तिथेच उभं राहून घालून घ्या.

वाटाघाटींना बोलावणं आलं, तर चहा येण्याआधी एकच विचारा: समोर बसलेल्याला लेखी देण्याचा अधिकार आहे का? नसेल, तर ज्याला आहे त्याला घेऊन या म्हणावं.